हुकलेली डॉक्टरकी नव्हे : बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे पुढचे शिक्षण

बारावीच्या निकालानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असते : "एमबीबीएसला नंबर लागला नाही, म्हणून बायोमेडिकल घेतले." चार वर्षांनी तशाच घरांतून पुढचे पत्र येते : "बीई झाले. आता काय?"

यंदा रत्नागिरी जिल्ह्यातून एका आईचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "मुलगी हुशार आहे. तिला आयआयटीत एमटेक करायचे आहे. तिचे अब्बा म्हणतात, व्याजाचे कर्ज काढणार नाही. तिची फूफी म्हणते, रिश्ते येत आहेत, अजून दोन वर्षे कशाला थांबवता? आणि दवाखान्यातली मशिने दुरुस्त करायला एवढे शिक्षण लागते का? शिकून नोकरी तरी मिळेल ना?"

कर्ज, रिश्ता, कामाची किंमत आणि नोकरी. चारही प्रश्न रास्त आहेत आणि ते एकट्या या घराचे नाहीत. म्हणून या महिन्याचे सदर त्यांच्याच उत्तरासाठी.

मशिन दुरुस्तीला एवढे शिक्षण?

करोनाच्या काळात बहुतेक घरांत एक छोटे यंत्र आले : बोटाला चिमटीसारखे लावायचे ऑक्सिमीटर. आज ते कपाटात पडून असेल. ते बाहेर काढा आणि बोटाला लावा. आत दोन दिवे आहेत. एकाचा प्रकाश लाल, दुसऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. रक्तात प्राणवायू भरपूर असेल तर ते लाल प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. पलीकडे किती प्रकाश पोहोचला, हे मोजून यंत्र आकडा दाखवते.

पण बोटात रक्ताशिवाय कातडी, मांस आणि हाडही आहे. त्यातून धमनीतले रक्तच वेगळे कसे ओळखायचे? हे कोडे जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास सोडवले. ते खरे तर हृदय किती रक्त ढकलते, हे मोजण्याच्या खटपटीत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखावर लाटा उमटत आणि मोजमाप बिघडे. त्या लाटा पुसून टाकण्याच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आले की ठोक्याबरोबर बदलणारा भाग हाच धमनीतल्या रक्ताचा भाग आहे. जी अडचण वाटत होती, तीच गुरुकिल्ली निघाली.

गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट आढळले. कातडीतले रंगद्रव्य प्रकाशाच्या वाटेत येते, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या देशात या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आता फूफींच्या प्रश्नाकडे येऊ. यंत्राचा सेल बदलणे, तपासणी करून ते चालू ठेवणे हे एक काम. ते हलके काम नाही. रात्री दोन वाजता व्हेंटिलेटर बंद पडला, तर डॉक्टरही त्याच माणसाची वाट पाहत असतात. हे काम पदविका किंवा बीईवर होते आणि चांगले होते. पण यंत्र चुकते का, कोणाच्या बाबतीत चुकते, आणि न चुकणारे यंत्र कसे बनवायचे, हे दुसरे काम. पदव्युत्तर शिक्षण आहे ते या दुसऱ्या कामासाठी. मुलीला यातले कोणते काम आवडते, हे आधी विचारा. पहिले आवडत असेल तर एमटेकची घाई नाही. नोकरी धरावी आणि अनुभव घ्यावा.

दोन वर्षांत शिकतात काय?

एक उदाहरण घ्या. ईसीजी काढताना छातीवर ज्या तारा लावतात, त्यांना मिळणारा हृदयाचा विद्युत संदेश असतो जेमतेम एक मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. त्याच वेळी खोलीतल्या दिव्यापंख्यांच्या वायरिंगमधून ५० हर्ट्झची गुणगुण अंगावर येत असते, आणि ती या संदेशापेक्षा कितीतरी मोठी असू शकते. भर बाजारात कोणी कानाशी कुजबुजावे, तसा हा प्रकार. ती कुजबुज वेगळी काढणे, तिच्यातून ठोका ओळखणे आणि बिघडलेला ठोका नेमका पकडणे हे या विषयाचे एक अंग. बाकीची अंगे अशी : क्ष-किरण, सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा, हाडे, सांधे आणि चालण्याचे यंत्रशास्त्र, शरीरात बसवता येतील असे पदार्थ, आणि या सगळ्यांच्या पायाशी शरीररचना व गणित. पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी वर्गात आणि प्रयोगशाळेत जाते. दुसरे वर्ष एकाच प्रकल्पावर. खरे शिक्षण या दुसऱ्या वर्षी होते.

असा प्रकल्प कुठवर जाऊ शकतो, हे पाहायचे तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेकडे पाहावे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, पुढे सांधेतापाने हृदयाची झडप खराब होते. हा आजार गरिबांच्या घरी जास्त. कृत्रिम झडपा परदेशातून येत आणि त्यांची किंमत सामान्य माणसाला परवडत नसे. सर्जन डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसले. माणसाची झडप वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा उघडते आणि मिटते. तेवढे सोसणारी, रक्ताची गुठळी होऊ न देणारी झडप बनवायची होती. पहिले तीन नमुने फसले, चौथा टिकला. कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि त्यात हलणारी खास प्लॅस्टिकची चकती, अशी तिची रचना. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. त्यानंतर देशभर हजारो लोकांच्या छातीत ती बसली आहे. यामागे दहा-बारा वर्षांची मेहनत होती. ज्याला लवकर फळ हवे, त्याने हा इतिहास आधी वाचावा.

दुसरे उदाहरण आपल्या राहणीच्या अधिक जवळचे. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. पण जमिनीवर मांडी घालून जेवणारा, चिखलात अनवाणी उतरणारा, मशिदीच्या पायरीवर चप्पल काढून आत सफेत बसणारा माणूस त्या पायाचे काय करणार? जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. पी. के. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा जो पाय घडवला, तो या सवयी ओळखून. शर्मा यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. म्हणजे पदवी हीच सर्व काही नव्हे. पण रुग्ण कसा जगतो हे न पाहता घडवलेले यंत्र अपुरे राहते, हा धडा पदवीधरानेही घ्यायचा आहे. आज आयआयटी मद्रासमध्ये कृत्रिम गुडघ्यावर असेच काम चालते. तिथला 'कदम' हा भारतीय बनावटीचा गुडघा २०२२ मध्ये बाहेर आला.

आपल्या जलशांत कुर्तुबाच्या अबुल कासिम अल-जहरावींचे नाव अभिमानाने घेतले जाते. सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या 'अल-तसरीफ'मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेच्या सुमारे २०० उपकरणांची चित्रे दिली. हत्यार कसे दिसते आणि कशासाठी वापरायचे, हे शिकणाऱ्याला कळावे, हा हेतू. अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांचे काम पुढे नेणारी मुले घरात असतील, तर त्यांना वाट मोकळी करून देणे हा त्याहून चांगला मान.

कर्ज न काढता

आता अब्बांचा प्रश्न. त्यावर समाधानाचे उत्तर आहे, आणि ते अनेक घरांना माहीत नसते. गेट परीक्षेतून आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांत पूर्णवेळ एमटेकला प्रवेश मिळाला, तर पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, दोन वर्षे. म्हणजे एकूण २,९७,६०० रुपये. त्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामात मदत करायची असते. वसतिगृह, खानावळ आणि फीचा मोठा भाग यातून निघू शकतो. हे कर्ज नाही, त्याला व्याज नाही, जामीनदार नाही. मात्र स्वखर्चाच्या किंवा कंपनीने पुरस्कृत केलेल्या जागांना ते लागू नसते. अर्ज भरताना जागेचा प्रकार नीट वाचा.

गेट ही तीन तासांची, १०० गुणांची परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीत होते. अर्ज पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी सुरू होतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे. त्यात १५ गुण सामान्य क्षमतेचे. बाकी गणित, विद्युत मंडले, संदेश-प्रक्रिया, इलेक्ट्रॉनिक्स, संवेदक, शरीरशास्त्र, वैद्यकीय प्रतिमा, जैवयांत्रिकी आणि जैवपदार्थ. अनेक संस्था इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल अशा पेपरांचे गुणही घेतात. म्हणजे मुलाने बीई दुसऱ्या शाखेत केले असले, तरी हा दरवाजा बंद नाही.

पुढे पीएचडी करायची झाली, तर केंद्राच्या नियमानुसार संशोधकाला जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून नव्याने देणे बंद झाले आहे. तिच्या भरवशावर बेत आखू नका. राज्यातल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून शिक्षणासाठी कर्ज मिळते. दर कमी असला तरी ते व्याजाचेच, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच जाणून घ्यावे.

परदेशाचे आकर्षण असेल तर जर्मनीचा विचार होऊ शकतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. काही प्रांतांत आणि काही विद्यापीठांत आहे, ते तपासावे. बायर्न प्रांतातील एर्लांगेन-न्युर्नबर्ग विद्यापीठात वैद्यकीय अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आहे आणि वैद्यकीय यंत्रांचा मोठा उद्योग त्याच परिसरात आहे. पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च खात्यात आधी अडकवून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. ती बचतीतून उभी राहत असेल तरच पाऊल टाका. जमीन किंवा दागिने विकून मास्टर्स करण्याइतकी या पदवीची हमी नाही.

कुठे शिकावे?

आपल्याला जवळची म्हणजे आयआयटी मुंबई. तिथे जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात हा एमटेक आहे. तिथेच २०१४ मध्ये 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणे घडवण्याचे केंद्र सुरू झाले आणि त्याच्या शाखा पुण्यात सीओईपीला व नागपुरात व्हीएनआयटीला आहेत. दिल्लीत आयआयटी आणि एम्स मिळून १९७१ पासून बायोमेडिकल केंद्र चालवतात. आयआयटी हैदराबादमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

दोन अभ्यासक्रम विशेष सांगण्यासारखे. एक, क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एमटेक. तो आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा संस्था मिळून चालवतात. इथे विद्यार्थी रुग्णालयात राहून शिकतो. डॉक्टर काय विचारतात, परिचारिकेचा हात कुठे अडखळतो, हे त्याला रोज दिसते. दुसरा आयआयटी खरगपूरचा, एमबीबीएस झालेल्यांसाठी तीन वर्षांचा. घरात डॉक्टर झालेला मुलगा असेल आणि त्याला यंत्रांची ओढ असेल, तर हे त्याच्या कानावर घाला.

संस्थेच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे मार्गदर्शक आणि रुग्णालय. प्रवेश घेण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर प्राध्यापक कशावर काम करतात ते पाहा. ज्या विभागाचा कोणत्याही रुग्णालयाशी संबंध नाही, तिथे या विषयाचा अर्धा जीव हरवतो.

नोकरीचे खरे चित्र

इथे गोड बोलून उपयोग नाही. संगणकाच्या पदवीधरांना जितक्या जागा, तितक्या या क्षेत्रात नाहीत. बीईनंतर मिळणाऱ्या नोकऱ्या बहुधा यंत्रांची विक्री, बसवणी आणि दुरुस्ती यांच्या. सुरुवातीचा पगार बेताचा आणि फिरती बरीच.

पदव्युत्तर शिक्षणाने आणखी तीन वाटा उघडतात. पहिली, यंत्ररचना आणि संगणक-प्रणाली. बंगळुरू आणि पुणे परिसरात मोठ्या वैद्यकीय कंपन्यांची विकासकेंद्रे आहेत. गुजरातेत वापी-सुरतकडे स्टेंट आणि रोपणांचा उद्योग आहे. दुसरी वाट परवाने आणि गुणवत्ता. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि २०२० नंतर टप्प्याटप्प्याने जवळपास सर्वच उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. धोक्यानुसार चार वर्ग आहेत. कमी धोक्याच्या वस्तू पहिल्या वर्गात, तर हृदयाची झडप सर्वांत वरच्या वर्गात. प्रत्येक उत्पादकाला चाचण्यांची कागदपत्रे नीट मांडणारे माणूस लागते. हे काम आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, पण त्यात फिरती कमी आणि अनुभवाला किंमत आहे. तिसरी वाट संशोधन आणि अध्यापन. तिथे पीएचडीपर्यंत जाण्याची तयारी हवी.

यांतली कोणती वाट धरायची, हे पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरले पाहिजे. ज्याने प्रकल्प आणि कौशल्य एकाच दिशेने वाढवले, त्याला काम मिळते. सगळ्यातले थोडे-थोडे शिकून बाहेर पडलेल्याला मुलाखतीत उत्तर देता येत नाही.

रिश्ते आणि दोन वर्षे

फूफींची काळजी प्रेमापोटी आहे, हे मान्य. पण एमटेक किंवा निकाह, असा प्रश्न मुलीपुढे ठेवू नये. बीई करताना बावीस वर्षांची झालेली मुलगी दोन वर्षांनी चोविसाची होते. त्यात काही हरवत नाही. रिश्ता चांगला आला तर समोरच्या घराशी सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे : शिक्षण पूर्ण होईल, नंतर ती नोकरी करील, आणि ती कोणत्या शहरात मिळू शकते. हे निकाहआधी बोलले गेले तर पुढे दोन्ही घरांची मने दुखत नाहीत. निकाह झाल्यावर शिक्षण सोडावे लागले, तर मुलीचे दुःख तर असतेच, शिवाय आयआयटीतली एक जागाही वाया जाते.

वसतिगृहाची भीती वाटत असेल तर एकदा आई-वडिलांनी स्वतः जाऊन संस्था पाहून यावी. मुलींची वसतिगृहे वेगळी असतात. तिथल्या मोठ्या मुलींशी बोलावे, जेवणाची सोय विचारावी. ऐकीव गोष्टींपेक्षा एक फेरी जास्त सांगून जाते.

कोणी करू नये?

जीवशास्त्राची आवड आहे पण गणिताचा कंटाळा आहे, त्याने करू नये. इथे गणित दर पावलाला आहे. डॉक्टर म्हणवून घेण्याची हौस अजून मनात आहे, त्यानेही करू नये. इंजिनिअर रुग्णाला औषध देत नाही. त्याचे नाव रुग्णाला कळतही नाही. नुसती 'पुढची पदवी' हवी म्हणून, नोकरी लांबणीवर टाकण्यासाठी करू नये. आणि घरात कमावते कोणी नसेल, तर आधी दोन वर्षे नोकरी करून मग गेट द्यावी. तोवर गेटचे गुण शिळे झाले, तर परत बसता येते.

ज्यांना करायचे आहे, त्यांनी या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात. गेटच्या संकेतस्थळावरून बायोमेडिकलचा अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्याव्यात आणि एक पेपर घड्याळ लावून सोडवावा. कुठे उभे आहोत ते कळेल. दुसरे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात परवानगी घेऊन डायलिसिस विभागात किंवा अतिदक्षता विभागात एक दिवस बसावे आणि कोणते यंत्र का बंद पडले आहे, कोणते वापरायला अवघड जाते, याची नोंद करावी. तिसरे, त्या नोंदींतला एक प्रश्न निवडून अर्ध्या पानावर लिहावा. प्रवेशाच्या मुलाखतीत "हेच का करायचे आहे?" असे विचारतात, तेव्हा पाठ केलेल्या उत्तरापेक्षा हे अर्धे पान जास्त बोलते.